ट्रेलरच्या टायरांना टीपीएमएस: बरेच महिने वापरल्यानंतर

टीपीएमएस म्हणजे टायरमधला हवेचा दाब सेन्सरने मोजून गाडीत दाखवणारी यंत्रणा. काय वापरतेय ते आधी सांगते. दोन एक्सलचा, चार चाकांचा राहण्याचा ट्रेलर. टायर एसटी (म्हणजे खास ट्रेलरचे) २२५/७५ आर १५, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) डी, हवेचा दाब थंड असताना ६५ पीएसआय. सेन्सर बाहेरून बसणारे, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून घट्ट करायचे. चार चाकांना चार आणि स्टेपनीला एक. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला १२ व्होल्टवर चालणारा रिपीटर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर छोटा डिस्प्ले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारातले बहुतेक सेट एकाच धर्तीचे असतात, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्याकडच्या सेटलाही लागू पडेल.

ठेवणार का? हो, नक्की. पण घेताना डोक्यात अलार्म होता आणि आता अलार्मचा आवाज आला तर मला उशीरच झाल्यासारखं वाटतं. कामाला येतो तो चार आकड्यांमधला फरक.

गाडीच्या एका टायरची हवा गेली तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, बसल्या जागी जाणवतं. मागच्या ट्रेलरचं तसं नाही. त्यात दोन एक्सल असले की एक टायर बसला तरी शेजारचा त्याचा भार मुकाट उचलतो आणि ट्रेलर सरळ चालत राहतो. मग जास्तीच्या ओझ्याने तो शेजारचाही जातो. तोवर पहिल्या टायरच्या लोंबणाऱ्या पट्ट्यांनी चाकावरची कमान, खालचं वायरिंग, पाण्याचे पाइप यांची वाट लावलेली असते. नवा टायर त्या मानाने स्वस्त पडतो.

गाडीत कंपनीकडून आलेला टीपीएमएस असतो, मग हा वेगळा कशाला, असं अनेक जण विचारतात. तो गाडीच्या चाकांपुरता असतो. शिवाय त्याची भाषा ढोबळ आहे. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, तेव्हा अट होती शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर दिवा लागण्याची. ट्रेलर त्या नियमात नव्हतेच. आता हाच २५ टक्क्यांचा हिशेब माझ्या टायरला लावून बघा. ६५ पीएसआयला हा टायर ११५० किलो पेलतो. २५ टक्के खाली म्हणजे सुमारे ४९, आणि ५० पीएसआयलाच त्याची क्षमता ९७५ किलोवर येते. आम्ही ट्रेलर प्रवासाच्या तयारीनिशी भरून प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करून घेतलं, तेव्हा किचन आणि पाण्याची टाकी ज्या बाजूला आहे तिथल्या मागच्या चाकावर ९८० किलो निघाले. म्हणजे गाडीसारखा दिवा लागेपर्यंत थांबलं असतं तर तो टायर आधीच ओव्हरलोड झालेला. चाकानुसार वजन करून घ्या. एकूण वजनाला चारने भागून काही कळत नाही.

अलार्मची सेटिंग. माझ्या सेटवर कंपनीने घातलेले आकडे छोट्या गाडीच्या टायरांचे होते. ते तसेच ठेवले तर ट्रेलरचा टायर अर्ध्यावर आला तरी डिस्प्ले शांत राहील. मी खालची मर्यादा थंड दाबाच्या १० टक्के खाली, ५८ वर ठेवली आहे, वरची साधारण २५ टक्के वर, ८१ वर, आणि तापमानाची ७० अंश सेल्सिअसवर. हवा भरायची सकाळी, उन्हं चढायच्या आधी, ट्रेलर निदान तीन तास उभा असताना. एका बाजूवर ऊन पडलेलं असताना बघितलं तर त्या बाजूचे दोन्ही आकडे तीन-चार पीएसआय जास्त दिसतात आणि माणूस उगाच हवा सोडायला जातो.

सुरुवातीला घाबरवतं ते दाबाचं वरखाली होणं. ६५ च्या टायरमध्ये दर १० अंशांना साधारण २.७ पीएसआयचा फरक पडतो. २५ अंशांना भरलेले ६५ पहाटे ५ अंशांना साठाच्या जरा खाली दिसतात. कुठेही गळती नसते. उलट चालू प्रवासात आतली हवा साठ अंशांपर्यंत तापली की तेच ६५ चे ७४ होतात. हेही ठीक. तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. टायर बनवणाऱ्यांनी थंड दाब ठरवताना ही वाढ धरलेलीच असते. उंचीचं तर गंमतशीर आहे. १५०० मीटर वर चढलं की बाहेरचा वातावरणाचा दाब कमी होतो आणि साध्या गेजवर सव्वादोन-अडीच पीएसआय जास्त दिसतात. पण तेवढ्या उंचीवर हवा दहाएक अंश थंडही असते, त्यामुळे रात्रभर मुक्काम केल्यावर सकाळी आकडा जवळजवळ खालच्याइतकाच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सेन्सर अडकला असं वाटून मी गेज लावून बघितलं होतं. सेन्सर बरोबर होता.

एवढं सगळं वरखाली होत असताना गळती ओळखायची कशी? तर थंडी, ऊन, उंची, वेग हे सगळं चारही टायरांना मिळून लागू होतं. चारही मिळून उतरले, चारही मिळून चढले तर काळजी नाही. एकच वेगळा वागला तर थांबायचं. चार भावंडांतलं एक गप्प असलं की घरात लगेच लक्षात येतं, तसंच आहे हे.

एका लांबच्या प्रवासात तासाभराने तीन टायर ७२-७३ वर गेले होते आणि डावीकडचा पुढचा ६७ वरच रेंगाळत होता. लक्षात घ्या, ६७ म्हणजे थंड दाबापेक्षाही जास्त. अलार्म वाजण्याचा प्रश्नच नव्हता. पण तिघे तापून वर गेलेत आणि हा जागचा हलत नाही, म्हणजे जेवढा दाब वाढतोय तेवढी हवा कुठून तरी जातेय. बाजूला घेतलं, टायरभर साबणाचं पाणी मारलं, तर एका खाचेत घुसलेल्या स्क्रूपाशी बारीक बुडबुडे. दिवसाउजेडी, सपाट जागा बघून, सावकाश चाक बदललं. डिस्प्लेवर फक्त ‘ठीक आहे’चा हिरवा दिवा असता तर आम्ही पुढे गेलो असतो आणि हा टायर कुठे बसला असता कोण जाणे.

दुसरा प्रसंग उलटा. उजवीकडच्या मागच्या चाकाचं तापमान बाकीच्यांपेक्षा आठ-नऊ अंश जास्त आणि दाबही तीन पीएसआय वर. आधी वाटलं ऊन. रस्ता वळला, उजवी बाजू सावलीत आली, तरी फरक तेवढाच. थांबून हबजवळ हात नेला तर लांबूनच धग लागत होती. ब्रेकचं काम नुकतंच करून घेतलं होतं आणि त्या चाकाचा ब्रेक शू ड्रमला घासत राहिला होता. पुढे असंच चालत राहिलो असतो तर ग्रीस आणि बेअरिंग दोन्ही गेलं असतं. बाहेरचा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकाशी, वाऱ्यात असतो, त्यामुळे तो दाखवतो ते तापमान आतल्या खऱ्या तापमानापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून तापमानाच्या नुसत्या आकड्यावर माझा विश्वास नाही. पण चौघांतला फरक खोटं बोलत नाही.

(नवरा अजूनही प्रत्येक थांब्यावर टायरांना लाथ मारून बघतो. त्याला त्यात समाधान आहे, मी काही बोलत नाही.)

आता कटकटी.

सगळ्यात महत्त्वाची व्हॉल्व्हची. साधे रबरी, दाबून बसवलेले व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतात, म्हणजे आमचा टायर आधीच त्या काठावर. वर सेन्सरचं वजन. दहा ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण ताशी ९० किलोमीटरला या मापाच्या चाकात व्हॉल्व्हच्या टोकाशी तेच दहा ग्रॅम पाऊण किलोच्या आसपास जोर लावतात. रबर सतत वाकत राहतं आणि बुडाशी चिरतं. म्हणजे पंक्चर पकडायला लावलेली वस्तू स्वतःच हवा घालवणार. आम्ही सेन्सर लावण्याआधी चारही व्हॉल्व्ह नटने कसायचे धातूचे करून घेतले. टायर रिमवरून उतरवावा लागतो, काम वाढतं, तरी यात काटकसर नको. ज्यांच्या टायरांना ८० पीएसआय लागतात त्यांना तर साध्या रबरी व्हॉल्व्हचा पर्यायच नाही. सेन्सर न काढता हवा भरता येते असे जोड-व्हॉल्व्हचे सेन्सरही मिळतात. ते आणखी जड असतात.

सेन्सरच्या आतली रबरी रिंग दुसरी. ती वाळली किंवा तिच्यावर कचरा बसला की तिथूनच बारीक गळती सुरू होते. ट्रेलर उभा असतानाच एका चाकातून दररोज दोनेक पीएसआय उतरत होते आणि टायरला कुठेच काही नव्हतं. साबणाच्या पाण्याचा थेंब सेन्सरच्या बुडाशी टाकल्यावर उलगडा झाला. तेव्हापासून सेन्सर फिरवून बसवला की साबणाचा थेंब टाकतेच. आट्यांवर अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, विशेषतः ओल्या आणि खाऱ्या हवेत. ॲल्युमिनियम आणि पितळ एकमेकांना चिकटून बसले की सेन्सर काढताना व्हॉल्व्हच तुटायची भीती. चोरी होऊ नये म्हणून खाली कसायचा नट मिळतो तो मी वापरत नाही. दर वेळी हवा बघायला पाना शोधायचा, त्यापेक्षा सेन्सर गेला तर गेला.

सेल सीआर १६३२ चे, आपले आपण बदलता येतात. थंडीत ते लवकर मान टाकतात आणि नेमकं पहाटे एखादा सेन्सर गायब होतो. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर सेन्सर काढून डब्यात ठेवा आणि व्हॉल्व्हला साध्या टोप्या लावा. डब्यावर कोणता सेन्सर कोणत्या चाकाचा हे लिहून ठेवा, नाहीतर डिस्प्ले एक चाक दाखवेल आणि तुम्ही दुसऱ्याच चाकाशी वाकून बसाल. चाकांची अदलाबदल केल्यावरही तेच.

सिग्नलसाठी रिपीटर हवाच. तो लावायच्या आधी मागचा एक्सल मधूनच बंद पडायचा, आणि वाईट म्हणजे डिस्प्लेवर त्याचा शेवटचा आकडा तसाच दिसत राहायचा. अर्धा तास ७१ वर जराही न हललेला टायर पाहून मला शंका आली. घेण्याआधी विक्रेत्याला हे विचारा, की सेन्सर बोलायचा थांबला तर डिस्प्ले किती वेळाने तसं सांगतो. जाहिरातीत रंगीत स्क्रीनबद्दल पानभर असतं, याबद्दल ओळही नसते. दुसऱ्या देशातून सेट मागवत असाल तर फ्रिक्वेन्सीही बघा. उत्तर अमेरिकेत गाड्यांचे बरेच सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपात ४३३.९२ वर.

नवीन बसवल्यावर प्रत्येक सेन्सर एका चांगल्या गेजशी ताडून बघा. आमच्यातला एक कायम दीड पीएसआय कमी दाखवतो. त्याला बदलला नाही, फक्त लक्षात ठेवलंय. मला फरक बघायचा असतो, तो आकडा वजा करून बघते.

आणि हे यंत्र काय सांगू शकत नाही तेही लिहायला हवं. आतून थर सुटत चाललेला जुना टायर फुटायच्या क्षणापर्यंत अगदी बरोबर दाब दाखवतो. ट्रेलरचे टायर नक्षी झिजण्याआधी वयाने जातात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर खाच कितीही खोल दिसो, बदला. टायर अचानक फुटला तर डिस्प्ले ताबडतोब ओरडतो, पण तो टायर तोवर गेलेला असतो. त्या ओरडण्याचा उपयोग शेजारचा टायर आणि खालचे पाइप वाचवण्यापुरता. तोही कमी नाही.

एक गोष्ट मात्र मला या सेटमध्ये हवी होती आणि नाही. चार टायरांची सरासरी काढून एखादा तिच्यापासून सुटला तर सांगणारा अलार्म. हिशेब साधा आहे, आकडे सगळे यंत्राकडेच असतात, तरी ही वजाबाकी मला रस्त्यावरची नजर काढून करावी लागते. सध्या हे काम शेजारच्या सीटवर बसणाऱ्याकडे दिलंय: दर अर्ध्या तासाने चार आकडे मोठ्याने वाचायचे. पुढचे टायर घालू तेव्हा रिमच्या आत बसणारे सेन्सर घ्यायचा विचार आहे. त्यांचं तापमान जास्त खरं असतं, व्हॉल्व्हच्या टोकावर ओझं नाही आणि रबरी रिंगची ती भानगडही नाही. सेल मात्र सीलबंद असतात, संपले की टायर उतरवून अख्खा सेन्सर बदलायचा. पण सेल संपेपर्यंत आमच्या टायरांचंही वय झालेलंच असेल, तेव्हा दोन्ही कामं एकदमच होतील.