हिंगण्याच्या पत्र्याच्या शेडसाठी डक्टिंग कूलर: मेमध्ये पास, जुलैत नापास

एप्रिल लागला की नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी एमआयडीसीच्या शेडमधले हेल्पर गळायला लागतात. ‘गावी जाऊन येतो’ म्हणून गेलेला पोरगा नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरला तरी उगवत नाही. डोक्यावर पत्रा तापलेला असेल तर हजार-पाचशे वाढवूनही तो टिकायचा नाही. अशा शेडला तासाला १८,००० घनमीटर हवा देणारा डक्टिंग कूलर, म्हणजे बाहेर बसवून डक्टमधून गार हवा आत सोडणारा मोठा कूलर, परवडतो. फक्त बसवताना स्वतः उभं राहायचं.

मेमध्ये त्याला तोड नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आत असली की १०० मिमी जाडीच्या हनीकॉम्ब पॅडमधून (पाण्याने भिजणारी जाळीदार गादी) हवा ३० अंशांच्या आसपास निघते. १५ फूट उंचीच्या, हजारेक चौरस फुटांच्या शेडला एक युनिट पुरतं.

घोळ होतो तो दारं लावून घेतल्यामुळे. ‘गार हवा बाहेर जाईल’ म्हणून शटर ओढलं की दमट हवा आतच कोंडते, घाम वाळेनासा होतो आणि बदनाम होतो कूलर. (ही सगळी एसीची सवय!) जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर गेलीच पाहिजे. या मापाला समोरच्या बाजूने २५ चौरस फूट तरी उघडं ठेवा, नाहीतर तेवढ्याच ताकदीचे एक्झॉस्ट लावा. युनिट पत्र्यावर चढवू नका, तिथली हवा आधीच भाजलेली असते. उत्तरेच्या भिंतीला अँगलवर बसवा.

पाण्याचा हिशेब विकणारा सहसा सांगत नाही. भर उन्हात तासाला शंभर लिटरच्या वर पाणी उडतं, म्हणजे एका शिफ्टला हजार लिटरची टाकी हवीच. बोअरचं पाणी असेल तर क्षार साठत जातात, पॅडवर पांढरा थर चढतो आणि हवा अडते. म्हणून ड्रेन किंचित उघडा ठेवायचा. शिफ्ट सुटताना पंप बंद करून पंखा अर्धा तास चालू द्या, पॅड वाळले की कुबट वास येत नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, डासांसाठी.

डक्टचं ग्रिल, म्हणजे हवा सुटते ती जाळी, पॅकिंगच्या टेबलावर सरळ माणसाच्या छातीवर सोडा. सीओटू वेल्डिंगजवळ मात्र नको. वाऱ्याने वेल्डवर सोडलेला सीओटू गॅस उडतो, वेल्डमध्ये छिद्रं पडतात, मग वेल्डर स्वतःच ग्रिलला पुठ्ठा ठोकतो.

पाऊस बसला की पंप बंद, नुसता पंखा. पाणी सोडलं तर चिकचिकच वाढेल.

नवीन माणसाला उन्हाची सवय मात्र कूलर लावून होत नाही. गरम जागी पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम, रोज तेवढीच वाढ, पाचव्या दिवशी पूर्ण शिफ्ट. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. पहिल्याच दिवशी भट्टीपाशी आठ तास उभा केलेला पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही, तर त्याचं बिल कूलरवर फाडू नका.