पुढचे सस्पेन्शन: काय घरी उघडावे आणि काय गॅरेजवर सोपवावे

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून पावसाळाभर रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी कधी ना कधी खटखट सुरू होतेच. त्यानंतर काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करावे की गॅरेजला द्यावे, हा प्रश्न पडतो. माझ्या मते या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, कारण लिंक रॉड (अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी), लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात) आणि शॉकअप (हादरे शोषणारा शॉक अब्सॉर्बर) ही तीन वेगवेगळ्या जोखमीची कामे आहेत. पुढील विवेचन मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या जोडणीत असलेल्या गाड्यांविषयी आहे. वॅगन आर, स्विफ्ट, आय 10 यांसारख्या आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या त्यातच मोडतात.

खर्च वाचवण्याची सुरुवात पान्यापासून नव्हे, निदानापासून होते. माझ्या गाडीच्या खटखटीवर एका गॅरेजने दोन्ही शॉकअप बदलायला लावले. पैसे दिले, गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर तोच आवाज पुन्हा ऐकला. दोष शेवटी एका लिंक रॉडमध्ये निघाला. खडबडीत रस्त्यावर कमी वेगात सतत खुळखुळ येत असेल, तर आधी लिंक रॉडवर संशय घ्यावा. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकदाच ‘ठक’ असा आवाज येत असेल, तर लोअर आर्मचा बुश (सांध्यातले रबरी अस्तर) पाहावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग तडकल्यासारखी वाजत असेल, तर स्ट्रटच्या वरच्या माउंटचे (स्ट्रट बॉडीला जोडणाऱ्या भागाचे) बेअरिंग गेलेले असू शकते. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसली, तरच शॉकअपचा खर्च मनावर घ्यावा. चाक उचलून डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) तपासावा. वर-खाली धरल्यावर जाणवला, तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग तपासावे.

लिंक रॉड घरी बदलण्यास काहीच हरकत नाही. दोन नट, एक दांडी, आणि नंतर अलाइनमेंटचीही (चाकांचे कोन जुळवून घेण्याची) गरज नाही. अडचण एकच येते: नट सोडवताना आतला स्टडच नटाबरोबर गोल फिरू लागतो. त्यासाठी बहुतेक स्टडच्या टोकाला अ‍ॅलन कीची खाच असते, ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाना चालवावा लागतो. खाच गंजाने भरलेली असेल तर आधी तारेच्या ब्रशने साफ करावी आणि गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे. खाडीकाठच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा उपाय हमखास लागतो. शक्य असेल तर पुढची दोन्ही चाके एकाच वेळी उचलावीत, म्हणजे अँटी-रोल बारवर (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या सळईवर) ताण राहत नाही आणि नवा रॉड हाताने जागेवर बसतो. मला पहिल्या वेळी दोन्ही बाजूंना मिळून तीन तास लागले. गॅरेजमध्ये हेच काम चहा संपेपर्यंत होते, पण घरी केल्यास मजुरी वाचते.

लोअर आर्म हे सीमारेषेवरचे काम आहे. घरी प्रेस (बुश दाबून बसवणारे यंत्र) नसल्याने नुसता बुश बदलता येत नाही, म्हणून संपूर्ण आर्म विकत घ्यावा लागतो. स्थानिक गॅरेज मात्र जुन्याच आर्ममध्ये प्रेसने नवा बुश बसवून देऊ शकते. बॉल जॉइंट चांगला असेल, तर गॅरेजचा पर्याय येथे सरळसरळ स्वस्त ठरू शकतो. बॉल जॉइंटही गेला असेल, तर पूर्ण आर्म घेणेच योग्य, आणि ते बसवणे सवय असलेल्याला घरी जमते. यात घरी आणि गॅरेजमध्ये सारखीच होणारी चूक मी स्वतः केलेली आहे: गाडी हवेत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळले. बुशचे रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते, गाडी खाली आली की कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलके लावून, चाकांवर गाडीचा भार आल्यावरच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) शेवटचे आवळावेत. गॅरेजला काम दिले, तर हे आधीच सांगून ठेवावे. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावीच.

शॉकअपच्या बाबतीत माझा कल स्पष्टपणे गॅरेजकडे आहे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो आणि स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर घसरला, तर समोरच्याला सावरायला वेळ मिळत नाही. वरचा कोणता नट बॉडीला धरतो आणि कोणता स्प्रिंगला, हेही गाडीगणिक बदलते. सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय मधल्या नटाला हात लावू नये. मधला मार्ग म्हणजे स्ट्रट घरी काढून केवळ स्प्रिंगचे काम गॅरेजमध्ये करून आणणे; पण दरम्यान गाडी स्टँडवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी टेकूंवर) उभी ठेवावी लागते, ही सोय फार थोड्यांकडे असते. शॉकअप मात्र कुठेही बदला, जोडीनेच बदला.

जागेचा प्रश्न येथे हत्यारांपेक्षा मोठा आहे. नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींसमोर गाड्या रस्त्याकडेलाच उभ्या असतात. तिथे रहदारीच्या बाजूचे चाक काढून बसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगचे सपाट काँक्रीट उत्तम, पण पेव्हर ब्लॉकवर जॅक आणि स्टँड रुततात, म्हणून खाली जाड फळी हवी. पोडियम पार्किंगकडे (वरच्या मजल्यावरच्या पार्किंगकडे) जाणारा उतार पूर्णपणे टाळावा. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. दोन मजबूत स्टँड आणि मागच्या चाकांना अडसर नसेल, तर गाडीखाली हात घालू नये. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगणे आणि तेलाच्या डागांसाठी पुठ्ठा अंथरणे, हाही तयारीचाच भाग समजावा.

अधिकृत सर्व्हिस सेंटर वॉरंटी शिल्लक असेपर्यंत पहिला पर्याय मानावा. त्यानंतर तिथे बहुधा आख्खा आर्मच बदलला जातो आणि बिल त्याप्रमाणे येते. स्थानिक गॅरेजमध्ये स्वतः आणलेला पार्ट बसवून घेता येतो, मात्र तो लवकर गेला तर दोष पार्टचा की फिटिंगचा, यावर वाद होतो. जुना काढलेला पार्ट मागून घ्यावा आणि हातात धरून हलवून पाहावा.

या साऱ्या तुलनेला एक अपवाद आहे. चाक वर-खाली हलते आहे आणि खेळ बॉल जॉइंटचाच आहे, असे दिसले, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, कारण जॉइंट सुटला की चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग राहत नाही. अशा वेळी टोइंगची गाडी बोलवावी.