हेगमधले काही महिने: पीडितांच्या वकिलांकडे की ट्रस्ट फंडात?

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पीडितांच्या भरपाईवर काही महिने काम करायचे, तर कायद्याच्या तरुण पदवीधराला दोन जागा खुणावतात.

पहिली म्हणजे पीडितांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे स्वतंत्र कार्यालय. इथले काम बहुतेक कागदावरचे: जुने निकाल धुंडाळणे, गुन्हा आणि नुकसान यांचा संबंध दाखवणारी टिपणे, अर्जांचे मसुदे. युक्तिवाद लिहायला हात बसवायचा असेल तर इथेच जावे.

दुसरी म्हणजे पीडितांसाठीचा ट्रस्ट फंड, भरपाई प्रत्यक्ष पीडितांपर्यंत पोहोचवणारा निधी. इथे मात्र खरे काम निकालानंतर सुरू होते. काँगोतल्या बोगोरो गावावर २००३ मध्ये हल्ला झाला. त्या हल्ल्यासाठी दोषी ठरलेला सशस्त्र गटाचा नेता कटांगा याच्या खटल्यात भरपाईचा आदेश आला २०१७ मध्ये, चौदा वर्षांनी! २९७ जणांना प्रत्येकी २५० डॉलर, तेही प्रतीकात्मक. शिवाय घर, शिक्षण, उपजीविका आणि मानसिक आधारासाठी सामूहिक मदत. दोषी निर्धन, म्हणून पैसा फंडाकडून. युगांडातला बंडखोर कमांडर ओंग्वेन याच्या खटल्यात २०२४ च्या आदेशाने रक्कम ५ कोटी युरोंच्या वर गेली आणि पीडित जवळपास ५० हजार. एवढा निधी कुठून आणायचा, आधी कुणाच्या हातात द्यायचा, हे कायद्याचेच प्रश्न आहेत, पण कॉलेजात ते कुणी शिकवत नाही.

मला विचाराल तर मी फंड निवडेन. काँगोच्या प्रकरणांत फ्रेंच फार उपयोगी पडते. जाण्याआधी ती वाचता येईल इतकी तरी शिकून घ्या.