नागपूर ते ताडोबा: स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या गाडीचे तीन दिवस

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने नागपूरला उतरायचे, तेथून भाड्याची गाडी घेऊन ती स्वतः चालवत ताडोब्याला जायचे आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपुरातच ती परत करायची, असा आमचा डिसेंबरमधला बेत होता. मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई असे चौघे होतो. चालकाशिवाय गाडी देणारी जी सेवा आम्ही घेतली तिचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण नावापेक्षा अशा प्रवासाला ही पद्धत कितपत सोयीची पडते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

गाडी ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते, आणि ती गाडीशी नव्हे तर जंगलात शिरण्याच्या फाटकाशी संबंधित आहे. नकाशावर नुसते ‘ताडोबा’ असे टाकले की कोठला तरी एक बिंदू दिसतो. पण आपली सफारी ज्या फाटकाची असेल, रस्ता त्याच फाटकाचा धरावा लागतो. कोलारा आणि नवेगाव ही फाटके चिमूरच्या बाजूला आहेत, तर मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला. नागपूरहून कोलाऱ्याला उमरेड आणि चिमूरमार्गे जातात, आणि हे अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आत बसते. मोहर्लीला जायचे तर बुटीबोरी, जाम, वरोरा आणि भद्रावती करत चंद्रपूर गाठायचे आणि तेथून उलटे जंगलाकडे वळायचे, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. एका फाटकाकडून दुसऱ्याकडे आपली गाडी घेऊन गाभा क्षेत्रातून, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागातून, सरळ जाता येत नाही. बाहेरून वळसा घ्यावा लागतो आणि त्या वळशाला शंभराहून अधिक किलोमीटर खर्ची पडतात. आम्ही शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी कोलाऱ्याची, तर रविवारी सकाळी मोहर्लीची सफारी नोंदवली होती. चालक नसलेली गाडी घेण्याचे मुख्य कारण हा मधला वळसाच होता.

नोंदणी सोपी होती. तीन दिवसांचे भाडे 8,400 रुपये, अनामत 5,000 रुपये, दिवसाला 150 प्रमाणे 450 किलोमीटरांची मर्यादा आणि त्यापुढे किलोमीटरला 10 रुपये. करारनामा मात्र मी आदल्या रात्री रेल्वेत वाचला, आणि तेव्हा एका कलमाशी अडखळलो. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्याव्यतिरिक्त अन्य ठिकाणी गाडीला झालेले नुकसान ग्राहकाने सोसायचे, असे त्यात लिहिले होते. जंगलाच्या कडेने राहण्याच्या बहुतेक जागांकडे जाताना शेवटचा थोडा तुकडा कच्च्या वाटेचा असतोच. आमच्या मुक्कामापर्यंतही असा दीड किलोमीटर होता. हे कलम कोणी तोंडाने सांगितले नव्हते. सहलीच्या जागी गाडी देणाऱ्या सेवेने ते आधी सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी सातची वेळ दिली होती, गाडी सात चाळीसला आली. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक, आतून स्वच्छ, वातानुकूलन उत्तम, चाके दिसायला ठीक. गाडी घेऊन आलेला मुलगा नम्र होता. त्याने चारी बाजूंची छायाचित्रे काढली आणि मीही भ्रमणध्वनीवर सावकाश फिरून चित्रफीत घेतली. डाव्या मागच्या दारावर एक जुना ओरखडा होता, तो मी मुद्दाम जवळून टिपला. मागून आईचा आवाज येत होता, ‘अरे, लग्नाची गाडी आहे का ती, चल आता.’ टाकीतले पेट्रोल किती आहे ते दोघांनी मिळून पाहिले, फास्टॅगची शिल्लक मात्र मी विचारली नाही. डिकीत हात घालून स्टेपनी दाबून पाहिली नाही, हा दुसरा विसर.

उमरेडपर्यंतचा रस्ता रुंद आणि जवळजवळ सरळ आहे. गावात शिरताना एका टपरीवर तर्री पोहे खाल्ले. तर्रीचा लालभडक तवंग पाहून मुलीने पोहे वेगळे आणि तर्री वेगळी मागितली, तेव्हा टपरीवाल्याने अविश्वासाने तिच्याकडे पाहिले. शेजारच्या दुकानात भिवापुरी मिरचीचे पोते उघडे होते. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा रंग तिखटाहून आधी डोळ्यांत भरतो. अर्धा किलो घेतली. स्वतःची गाडी असण्याचे सुख ते हेच. चालक असता तर ‘येथे थांबा, तेथे थांबा’ म्हणताना मला संकोच वाटला असता.

उमरेडनंतर रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना शेते आणि मधूनमधून सागाचे तुकडे लागतात. चिमूरच्या अलीकडे डावे पुढचे चाक बसले. स्टेपनी बाहेर काढली तर ती बोटाने दाबली जात होती, आणि जॅक होता पण तो फिरवायचा दांडा नव्हता. सेवेच्या मदत क्रमांकावर पहिल्या खेपेस अकरा मिनिटे संगीत ऐकले. दुसऱ्या खेपेस मिळालेल्या माणसाने नागपूरहून माणूस पाठवतो, दोन ते अडीच तास लागतील, असे सांगितले. दुपारची सफारी असल्याने दोनच्या आत फाटकावर पोहोचण्याचा आमचा हिशेब होता. शेवटी एका दुचाकीस्वाराने पुढच्या गावातल्या पंक्चरवाल्याला आणून सोडले. त्याने स्टेपनीवर अंगठा टेकवला आणि म्हणाला, ‘यात हवाच नाही ना जी.’ त्याच्याजवळ पायाने मारायचा पंप होता. स्टेपनीत हवा भरून त्याने ती बसवली, आणि पंक्चर झालेले चाक त्याच्या दुकानात दुरुस्त होईपर्यंत आम्ही समोरच्या पिंपळाच्या पारावर बसलो. सगळे मिळून पन्नास मिनिटे गेली. त्याने 200 रुपये सांगितले, मी 300 दिले. सेवेने हा खर्च नंतर भरून दिला नाही. पंक्चर ही ग्राहकाची जबाबदारी, असे उत्तर आले. ते कराराप्रमाणे खरे असेलही, पण हवा नसलेली स्टेपनी ही ग्राहकाची जबाबदारी कशी, याचे उत्तर अजून आलेले नाही.

कोलाऱ्याला आम्ही साडेबाराला पोहोचलो, आणि तेथून गाडीचा उपयोग संपला. खासगी गाडीने सफारी करता येत नाही. वन विभागाकडे नोंदलेल्या जिप्सीतून, सोबत मार्गदर्शक घेऊनच आत जावे लागते. नोंदणीत दिलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात दाखवावे लागते आणि गाभा क्षेत्रात भ्रमणध्वनी नेता येत नाही. त्यामुळे शुक्रवारी दुपारपासून शनिवारी सकाळच्या फेरीपर्यंत आमची गाडी मुक्कामाच्या आवारात कडुलिंबाखाली उभी होती आणि आम्ही तिचे भाडे भरत होतो. तीन दिवसांच्या बहात्तर तासांपैकी गाडी चालली ती फार तर अकरा-बारा तास. ज्यांची सफारी एकाच फाटकाची आहे त्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आमच्या बाबतीत शनिवारच्या वळशाने हिशेब थोडा सावरला. सफारीहून परतल्यावर चिमूर, वरोरा, भद्रावती अशा वाटेने निघालो. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी 1949 साली उभे केलेले आनंदवन आईला पाहायचे होते. तेथे दोन तास थांबलो. भद्रावतीला जैन मंदिर पाहून अंधार पडण्याआधी मोहर्लीजवळचा मुक्काम गाठला. तेथील शेवटच्या रस्त्यावर वेग तीस-चाळीसच्या वर नेऊ नये. आमच्यासमोर चितळांचा कळप रस्ता ओलांडून गेला, आणि शेवटचे पिल्लू मध्येच थबकून आमच्या दिव्यांकडे पाहत उभे राहिले तेव्हा ब्रेक चांगले आहेत याची खात्री पटली. सेवेच्या बाजूने हा गुण नोंदवतो.

रविवारी मोहर्लीची सफारी करून चंद्रपूरमार्गे परत निघालो, तेव्हा बोरखेडीच्या टोलनाक्यावर फास्टॅगमध्ये शिल्लक नसल्याचे कळले. फास्टॅग सेवेच्या नावावर होता, तेथल्या तेथे मला तो भरता येईना आणि मागच्या वाहनांचे भोंगे सुरू झाले. वाढीव टोल खिशातून भरला. ती पावती पाठवल्यावर रक्कम परत मिळाली, हेही सांगितले पाहिजे.

एकूण 482 किलोमीटर झाले, म्हणजे जादा 320 रुपये. पेट्रोल सुमारे 3,200 रुपयांचे लागले. टोल आणि पंक्चर वगळून खर्च 11,920 रुपये. चालकासह तीन दिवसांची गाडी आम्हाला 13,500 रुपयांत मिळत होती. हा फरक चौघांच्या सहलीत मोठा नाही. एकाच फाटकाची सफारी असेल, सोबत वृद्ध माणसे असतील आणि वाटेत थांबायची हौस नसेल, तर मी चालकासह गाडी घेईन. निदान स्टेपनीत हवा आहे की नाही ही काळजी दुसऱ्याची असते. दोन फाटके करायची असतील आणि मधला वळसा हाही सहलीचाच भाग मानायचा असेल, तर स्वतः चालवण्यात खरोखर मजा आहे. मंगळवारी सफारी बंद असते, गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते, हे पाहूनच गाडीची तारीख ठरवावी. सफारी हातात येण्याआधी गाडीचे पैसे भरू नयेत, कारण गाडी रद्द करताना आमच्या सेवेत निम्मे भाडे कापले जाते.

गाडीच्या अवस्थेला मी पाचपैकी साडेतीन देईन, मदत क्रमांकाला एक, आणि व्यवहाराच्या स्पष्टपणाला दोन. अनामत परत येण्यास नऊ दिवस लागले. त्यातही आधी डाव्या मागच्या दारावरील ओरखड्याचे 1,800 रुपये कापल्याचा संदेश आला. मी ताब्यात घेतानाची चित्रफीत पाठवली, जिच्यात ओरखडा आणि आईचा आवाज दोन्ही स्पष्ट आहेत. दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली.