गोठ्यात स्वतःचा नायट्रोजन कंटेनर घ्यावा, की रेतन करणाऱ्यालाच बोलवावं?

सकाळी माजाची लक्षणं दिसली तर गाय त्याच संध्याकाळी भरवायची असते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचतात आणि एकवीस दिवसांनी गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. असं दोनतीनदा झालं की वाटतं, गोठवलेल्या रेताच्या कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये आपल्याच घरी ठेवाव्यात.

वेळ साधते हे खरंच, पण मला मोठा फायदा वाटतो तो वळू निवडण्याचा. कांडीवर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. आपला साठा असला की बापाचंच रेत लेकीला जाणं टळतं. बाहेरून येणाऱ्याकडे त्या दिवशी असेल ती कांडी मिळते. क्रमांक विचारून वहीत लिहायला तरी काय लागतं? तेवढंही होत नाही, याचं वाईट वाटतं.

कंटेनर सांभाळणं मात्र अवघड. कांडीत जेमतेम पाव मिलीलिटर रेत असतं. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते बुडालेलं असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. घात होतो काढ-घाल करताना. एक कांडी शोधताना बाकीच्या कांड्या कंटेनरच्या तोंडाशी रेंगाळल्या, की आतले बर्फाचे कण वाढून शुक्राणूंची आवरणं फाटतात. पुन्हा बुडवून ते जिवंत होत नाहीत. कांडी दिसते जशीच्या तशी, आणि दोष गाईवर जातो.

तीन लिटरचा कंटेनर दोन-तीन आठवड्यांत रिता होतो. नायट्रोजनची गाडी गावापर्यंत नियमित येत नसेल तर तो घेऊच नका. वीस किंवा पस्तीस लिटरचा काही महिने चालतो, तरी पातळी दर आठवड्याला पट्टी घालून मोजावी. बाहेरून गळ्याभोवती बर्फ धरला, तर आतली थंडी टिकवणारं निर्वात आवरण गेलं समजा आणि कांड्या त्याच दिवशी दुसरीकडे हलवा. झाकण घट्ट बंद करू नये, आणि कोंदट खोलीत कंटेनर ठेवू नये, नायट्रोजनचा वायू साठून माणूस गुदमरू शकतो.

शिवाय कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरून, पुसून, लगेच रेतन करणारा शिकलेला हात घरात हवा. तो नसेल तर कंटेनर असूनही डॉक्टरांची वाट पाहावी लागतेच.

म्हणून वीसच्या आत गाई असतील तर मी बोलवायलाच सांगेन. फक्त पाणी थर्मामीटरने पाहतात की बोट बुडवून, एवढं बघा. शेजारच्या तीनचार गोठ्यांनी मिळून एक वीस लिटरचा घेतला आणि एका पोराला प्रशिक्षणाला पाठवलं, तर मात्र जरूर घ्या.