मशीन म्हणालं किडनी, दुखत होता मणका

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आईची पाठ दुखायला लागली. वय 68. गव्हाचा डबा सरकवताना कळ आली, एवढंच निमित्त. डॉक्टरकडे जाऊया म्हणेपर्यंत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिराचा फलक लागला: ‘फुल बॉडी स्कॅन, फक्त 300 रुपये. हाडे, लिव्हर, किडनी, हृदय, सगळे रिपोर्ट 2 मिनिटांत.’ सांगलीत अशी शिबिरं नवी नाहीत. मीच आईला घेऊन गेले. हे लिहिताना अजून त्रास होतो.

टेबलावर लॅपटॉप आणि वायरीने जोडलेली एक छोटी पेटी. आईचं नाव, वय, उंची, वजन टाइप केलं, तिच्या हातात धातूची एक कांडी दिली आणि मिनिटभर बसवलं. मशीनचं नाव ‘क्वांटम मॅग्नेटिक रेझोनन्स अॅनालायझर’. मी बँकेत नोकरी करते, चार बुकं शिकलेली आहे, पण ‘मॅग्नेटिक रेझोनन्स’ ऐकून मला वाटलं की एमआरआयचाच छोटा प्रकार निघाला असेल. माझी फसगत या दोन शब्दांनी केली.

38 पानांचा रंगीत रिपोर्ट आला. त्यात हाडांची घनता ‘नॉर्मल’, मूत्रपिंडात मात्र लाल खुणा. तो गृहस्थ फार मायेनं बोलला. “मावशी, तुमचं दुखणं हाडाचं नाहीच, किडनीचं आहे. कॅल्शियमची गोळी घेताय ना? ती आधी बंद करा, खडे होतील.” आणि 3 महिन्यांची पावडर दिली, 14,400 रुपयांची. आईने भिशीचे पैसे काढून दिले. पावती मागितली तर साध्या कागदावर रक्कम, ‘हेल्थ कोर्स’ आणि एक फोन नंबर एवढंच लिहून दिलं. त्यावर ना पत्ता, ना सही.

जवळजवळ तीन महिने गेले. आई वाकून चालायला लागली. रात्री कुशीवर वळताना कण्हायची आणि मला झोप लागत नसे. तरी आम्ही ‘कोर्स पूर्ण होऊ दे’ म्हणत थांबलो. शेवटी एके दिवशी तिला खुर्चीतून उठताच येईना, तेव्हा मिरजेला नेलं.

अस्थिरोगतज्ज्ञांनी पाठीवर बोटांनी ठोकत ठोकत एका जागी दाबलं, आई ओरडली. एक्स-रे काढला. छातीकडचा बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबलेला होता. फिल्म उजेडावर धरून त्यांनी मला दाखवलं, तेव्हा माझ्यासारखीला सुद्धा तो बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला. मग त्यांनी डेक्सा सांगितली. साध्या एक्स-रेमध्ये हाडातलं निदान 30 टक्के खनिज गेल्याशिवाय ठिसूळपणा नीट कळत नाही, म्हणून ही तपासणी. तिच्यात दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून आणि खुब्यातून सोडून घनता मोजतात. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हे जागतिक आरोग्य संघटनेचं 1994 पासूनचं माप. आईचा उणे 3.1 आला. किडनीची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, दोन्ही अगदी व्यवस्थित.

म्हणजे जे ठिसूळ झालं होतं ते मशीनने नॉर्मल सांगितलं आणि जे धड होतं ते बिघडलेलं. वर कॅल्शियमही बंद करायला लावलं.

नंतर मी शेजाऱ्यांचे रिपोर्ट मागून पाहिले. तळमजल्यावरच्या काकांच्या नोंदीत घाईत ‘स्त्री’ असं पडलं होतं, आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये गर्भाशयाचं एक अख्खं पान होतं. कांडीने शरीरात काही पाहिलं असतं तर हे छापून आलं असतं का? पेटी आत बघतच नाही. टाइप केलेल्या माहितीवरून आकडे जुळवले जातात आणि काहीतरी लाल दाखवलं जातं, कारण लाल दिसल्याशिवाय पावडर खपत नाही.

खऱ्या एमआरआयचं चुंबक बहुतेक ठिकाणी 1.5 किंवा 3 टेस्ला ताकदीचं असतं, वजन काही टन, त्याला वेगळी खोली लागते. मंगळसूत्र, केसांची पिन, सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं आणि आत अनेकदा अर्धा तास पडून राहावं लागतं. एक्स-रे, सीटी, डेक्सा यांना मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. सोनोग्राफी केंद्राची गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी लागते, दाराशी तसा फलक असतो. त्या पेटीतून ना क्ष-किरण निघतात ना ध्वनिलहरी, म्हणून ती या दोन्ही चाळण्यांतून सुटते. शिबिरात हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही.

टाचेवर जेल लावून हाडं तपासणारं मशीनही शिबिरात असतं. ते खोटं नाही, त्यात खरोखर ध्वनिलहरी असतात. पण ती फक्त प्राथमिक चाळणी आहे. तिच्या एका आकड्यावर तिथल्या तिथे औषध विकायला बसलेला माणूस दिसला तर पैसे काढू नका, डेक्सा कुठे होते ते विचारा. आणि रिपोर्ट कोणताही असो, त्याखाली डॉक्टरचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. आमच्या 38 पानांत एकाही माणसाची सही नव्हती. फिल्म तर नव्हतीच.

पावतीवरच्या नंबरवर फोन केला, तो बंद. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पण कागदावर विक्रेत्याचं नाव नाही, त्यामुळे पैसे परत मिळतील असं मला वाटत नाही. सोसायटीच्या कमिटीला मात्र मी लेखी दिलं आहे की डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी लेखी घेतल्याशिवाय हॉल कुणाला द्यायचा नाही.

आई आता पट्टा लावून घरात फिरते. औषधं सुरू आहेत, वर्षाने पुन्हा डेक्सा करायची आहे. परवा मैत्रिणीकडून कळलं की तिच्या कॉलनीत येत्या रविवारी ‘फुल बॉडी स्कॅन’ आहे, 300 रुपयांतच. आईची एक्स-रेची फिल्म आणि ती 38 पानं घेऊन मी सकाळी नऊलाच तिथे जाऊन बसणार आहे.