बोर्डावर वहिनी, केबिनमध्ये भाईसाब

एक तारा देतोय, तोही चहासाठी. आलं घातलेला, कपभर, मागावा न लागता.

इंदूरच्या विजय नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरचं शेअर दलालाचं ऑफिस. मी रामबागेतला, वीज मंडळातून निवृत्त. काउंटरवरच्या पोराने "काका, आपण मराठीच" म्हणत पंधरा-वीस सह्या घेतल्या. त्यात डीडीपीआयही होतं, म्हणजे विकलेले शेअर आपल्या डीमॅट खात्यातून काढायची आणि शेअर गहाण ठेवायची दलालाला दिलेली परवानगी. दलालांना सरसकट मुखत्यारपत्र द्यावं लागू नये म्हणून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२ मध्ये आणलेला हा कागद, आणि तो ऐच्छिक असतो. हे मला नंतर कळलं.

गणपतीच्या मागे अर्धी झाकलेली परवान्याची फ्रेम. ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे दलालाचा नेमलेला प्रतिनिधी, म्हणून एका बाईंचं नाव. सहा महिन्यांत त्या एकदाही दिसल्या नाहीत. हुकूम चालायचा तो आतल्या केबिनमधल्या भाईसाबांचा, आणि त्यांचं नाव एकाही कागदावर नाही. शिपायाला विचारलं तर तो हसला. "मॅडम? भाईसाबांच्या वहिनी. खंडव्याला असतात."

मग एका संध्याकाळी एक्सचेंजचा मेसेज आला, ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावाने पुढे घेण्या-विकण्याच्या हक्काच्या, सौद्यांचा. मी जन्मात ऑप्शन घेतलेला नाही! पोरगा म्हणाला, "सिस्टिम का मेसेज है काका, छोड़ो." सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे तपशिलाची पावती, चोवीस तासांत यायला हवी, मला एकही आली नव्हती. फॉर्मची प्रत मागून मागून चौथ्या खेपेला मिळाली. सह्या माझ्या, निळ्या शाईत. ईमेलचा रकाना मात्र काळ्या शाईत भरलेला: माझं आडनाव, पुढे चार आकडे, आणि तो पत्ता माझा नव्हेच. कॉन्ट्रॅक्ट नोटा तिकडे जात होत्या. मोबाइल नंबर तेवढा बदलायचा राहिला, म्हणून मी वाचलो. तोवर नुकसान आणि दलाली मिळून ४१ हजार गेले होते.

वर आठवडाभर आधी "मार्जिन (सौद्यासाठीची आगाऊ रक्कम) कमी पडतंय, चेक या नावाने द्या" म्हणून तिसरंच नाव सांगितलं होतं. ऑथराइज्ड पर्सनला ग्राहकाचा पैसा स्वतःच्या खात्यात घेता येत नाही, तो थेट दलालाकडेच जातो. चेक दिला नाही, एवढीच माझी अक्कल.

सेबीच्या स्कोर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी भाईसाबांचा स्वतःचा फोन. आवाज एकदम मऊ. "काकाजी, घरचीच गोष्ट आहे, मागे घ्या."

म्हटलं, घेतो, पण आधी आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगा, लिहावं लागेल.

फोन कट.